चहाच्या चोथ्याचं जंगल

जंगल चांगलं जमलं तर तन्मयच्या पदरात अख्खं एक वर्ष पडणार होतं. तसं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. हा हिशेब त्याचा त्यानेच मांडला होता. इस्राएलमधल्या पेताह तिक्वा शहरातल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत महाराष्ट्रातून आलेले संशोधक दोन, आणि पुढच्या वर्षाच्या व्हिसाचं पत्र निघणार होतं एकाच्याच नावाने. पत्र लिहिणार प्रयोगशाळेचा प्रमुख त्स्वी, आणि त्स्वीचा जीव होता शिशाच्या बाहुल्यांत. शंभर वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या लढाया तो टेबलावर खेळायचा. बोटाच्या पेराएवढे गोरे शिपाई, भालेवाले, डोक्यावर पेट्या घेतलेले हमाल, सगळे त्याने स्वतः रंगवलेले. सैन्य होतं, फक्त जंगल नव्हतं.

"तू इंडियाचा," त्स्वी म्हणाला. "जंगल तुलाच जमेल."

तन्मय सदाशिव पेठेतला. गॅलरीतल्या मनीप्लांटपलीकडे झाडापानांशी त्याची ओळख नव्हती. पण अशा वेळी नाही म्हणण्याइतका तो भोळाही नव्हता.

दुसरी संशोधक निशिगंधा. चंद्रपूरची, वडील वनखात्यात गार्ड. खरं जंगल पाहिलेली माणूस ती, पण तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारा असं तन्मयने सुचवलंही नाही. तिलाही ते वर्ष हवं होतं. वर्षभर जिवापाड वाढवलेल्या पेशींवरचा तिचा प्रयोग आता कुठे बोलू लागला होता. मधेच गेली, तर तो अर्धा राहणार होता.

तन्मयने अंग घासायचं वाळकं घोसाळं कापून झुडपं केली, पायपुसण्याचा काथ्या उसवून गवत केलं, आणि उकळून झालेल्या चहाचा चोथा गच्चीवर वाळत घातला.

"काय रे, वाळवणं घातलीस का?" निशिगंधाने विचारलं.

"जंगलातली जमीन आहे ती."

"आमच्याकडे फुकट मिळते. आणि नुसती झाडं रोवू नकोस रांगेत. पलीकडचं दिसायचं बंद झालं, की ते जंगल."

तन्मयने त्याच संध्याकाळी सगळी झाडं उपटून एकमेकांना खेटून लावली, त्यांची दाट बेटं केली. त्स्वीने बेटांची वाहवा केली तेव्हा ती कुणाच्या डोक्यातून आली, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

लढाई ठरली शुक्रवारी सकाळी, त्स्वीच्या इमारतीच्या मिक्लाटमध्ये, म्हणजे बॉम्बपासून आडोसा म्हणून बांधलेल्या तळघरात. अठ्ठ्याण्णवचा तो हिवाळा. इराककडून पुन्हा क्षेपणास्त्रं येतील या धास्तीने गॅसमास्क वाटले होते, त्यांची खोकी भिंतीशी रचलेली. खिडकी नाही, वर एकच नळीचा दिवा, आणि मधोमध तन्मयचं हिरवंगार जंगल, चहाचा मंद वास असलेलं.

त्स्वीने नेहमीप्रमाणे गोरे घेतले. त्याचा सैन्यातला जुना दोस्त अमोस नियमांचं पुस्तक घेऊन बसला.

"कुणीतरी आफ्रिकन व्हायला हवं," म्हणत त्स्वीने निशिगंधाकडे पाहिलं.

"मी आहेच की," ती मराठीत पुटपुटली, आणि इंग्रजीत हो म्हणाली.

तन्मय पंच. भालेवाले कुठे लपलेत हे निशिगंधाने नकाशावर फुली मारून फक्त त्याला द्यायचं. गोऱ्यांचा काफिला जवळ आला की त्याने ते टेबलावर आणायचे.

"हमाल मेले तर किती गुण?" तिने अमोसला विचारलं.

"शून्य. हमालांचे गुण नसतात."

"मग त्यांना जाऊ देते," ती म्हणाली.

तिची फुली पाहून तन्मयने नकाशा पुन्हा एकदा टेबलाशी ताडून पाहिला. साधा माणूस नदी ओलांडायच्या उतारावरच दबा धरेल. हिने सगळे भालेवाले ठेवले होते पलीकडच्या काठावर, डावीकडच्या बेटात. पाण्यातून वर आलेला माणूस आधी आपले पाय बघतो, मग आजूबाजूला. हे गार्डाच्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही.

काफिला नदीपाशी आला. त्स्वीने मशीनगन उचलली, टेबलावर अधांतरी धरली, आणि तन्मयच्या तोंडाकडे पाहिलं. जणू कुठे ठेवू, असं विचारत.

पंचाने बघत राहायचं असतं. तन्मय पुढे वाकला आणि डाव्या बेटातलं एक झाड दोन बोटांनी नीट केलं.

बस, एवढंच. जंगल त्याचं होतं, झाड त्याचं होतं, हरकत कोण घेणार?

त्स्वीने मशीनगन अलीकडच्याच काठावर मांडली, तोंड डाव्या बेटाकडे, आणि फासे टाकले. पुन्हा टाकले. भालेवाले बाहेर पडायच्या आतच संपले. निशिगंधाने टेबलाकडे पाहिलं नाही. तन्मयच्या बोटांकडे पाहिलं. त्यांना चोथा चिकटला होता.

दुपारी ती दोघं बसथांब्यावर उभी होती. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या सुट्टीच्या, आधीची शेवटची बस यायची होती.

"झाड वाकडं नव्हतं, तन्मय."

"अगं, खेळ आहे तो."

"हो ना. म्हटलं, खेळातच एवढं करतोस."

पत्र तन्मयच्या नावाने निघालं. निशिगंधाने पेशींच्या बाटल्या एकेक करून त्याच्या हवाली केल्या, कुठली कधी रुसते तेही सांगितलं. सांगताना आवाज अगदी सरळ होता. त्याला वाटलं, विसरली बिचारी.

महिन्याभराने त्स्वीने तिच्या प्रयोगाची आकडेमोड त्याच्यापुढे ठेवली. निष्कर्ष हवा तसा निघत नव्हता. दोन-तीन आकडे आडवे येत होते.

"तू बघ जरा," त्स्वी म्हणाला. "त्या दिवशी झाड नीट केलंस, तसं."

तेव्हा तन्मयला कळलं, ते वर्ष आपल्याला जंगलासाठी मिळालेलं नाही. तो नाही म्हणू शकला असता. ती रात्र त्याने विचारात काढली, आणि सकाळी आकडे नीट केले.

लेख छापून आला. प्रयोग निशिगंधाचे, म्हणून पहिलं नाव तिचं. त्स्वीने ते मोठ्या मनाने राहू दिलं. छापण्याआधी मजकूर तिला दाखवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. दोन वर्षांनी हैफा शहरातल्या कुणा संशोधकाने तोच प्रयोग करून पाहिला आणि तो जमेना. तेव्हा खुलासे मागवले गेले ते पहिल्या नावाकडून. ती तेव्हा चंद्रपुरात एका कॉलेजात ठरलेल्या नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत होती. मूळ नोंदी इस्राएलमध्ये, त्स्वीच्या कपाटात, आणि त्यांची एक नक्कल तन्मयकडे. तिने तन्मयला फोन केला.

"मूळ आकडे तेवढे पाठव. बाकी काही नको."

"बघतो," तो म्हणाला, आणि त्याने पाहिलं नाही.

तर जमाखर्च असा. त्स्वीला लढाई मिळाली आणि लेखही. खुलाशात तो म्हणाला की मोजमापं मुलीची होती. अमोसची करमणूक झाली. तन्मयला वर्ष मिळालं, त्याच्या जोरावर पुढे जर्मनीत जागा. चंद्रपूरच्या कॉलेजने नेमणूक रद्द केली. तन्मयकडे कुणी काही मागितलं नाही. सगळं चुकतं केलं ते निशिगंधाने.