कॉलरच्या आतल्या बाजूला

"मास्तरांचा काळा कोट कुठं गेला?" सेप्टाने विचारलं. वाफेची इस्त्री खाली ठेवून तिने दांडीवरचे कोट पुन्हा एकदा सरकवून पाहिले.

"नेला की त्यांनी," काउंटरवरून विल्बर्ट म्हणाला. "दहा मिनिटं झाली असतील. हॅनिगनची म्हातारी गेलीय ना, तिच्या प्रार्थनेला निघाले होते. उशीर झालाय म्हणाले, म्हणून मीच अंगावर चढवून दिला." मग जरा आवाज खाली आणत तो म्हणाला, "मी काही बोललो नाही हं. म्हटलं, या वयात माणसाने एवढी हिंमत केलीय, आपण टक लावून बघू नये."

"कसली हिंमत?"

"छातीवर पॉपी लावलीय मास्तरांनी."

सेप्टाने दाराकडे पाहिलं.

उत्तर आयर्लंडच्या टिरोन परगण्यातल्या त्या गावात ड्रायक्लीनिंगचं दुकान एकच होतं, त्यामुळे खालच्या रस्त्यावरचे प्रॉटेस्टंट आणि वरच्या रस्त्यावरचे कॅथलिक यांचे कपडे निदान एका दांडीवर तरी शेजारी शेजारी लटकत. मालक विल्बर्ट पॅटन खालच्या रस्त्यावरचा, इस्त्रीवाली सेप्टा मलग्रू वरच्या रस्त्यावरची. तेवीस वर्षं दोघं एका छपराखाली काम करत होते आणि डाग, बटणं आणि हवामान यांपलीकडचा विषय काढायचा नाही हे न ठरवताच पाळत होते. दुकानाचा नियम मात्र ठरवलेला होता. कोटावर जे काही टाचलेलं असेल ते काढायचं, नंबर टाकलेल्या पाकिटात ठेवायचं आणि इस्त्री झाली की होतं त्याच जागी परत लावायचं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकिटं पुरत नसत. रविवारी खालच्या रस्त्यावरची माणसं युद्धस्मारकापुढे उभी राहायची, त्याआधी सगळ्यांना कोट स्वच्छ हवे असत आणि प्रत्येक कोटावर पॉपीचं ते लाल कागदी फूल असे. लढाईत मेलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी ते लावायचं. वरच्या रस्त्यावर ते कुणी लावत नसे, कारण त्याच सैन्याची पोरं पुलावरच्या चौकीत बंदुका घेऊन उभी होती.

सेप्टाचा भाऊ मॅलकी त्याच पुलावर मेला. वय एकोणीस, नाचाच्या कार्यक्रमाहून सायकलवर घरी येत होता. थांब म्हटलं तरी थांबला नाही, म्हणून गोळी घातली, असं सैन्याने लिहून दिलं. त्याच्या सायकलचा ब्रेक आठवडाभर लागत नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण घरच्यांना विचारतो कोण. त्याच वर्षी सेप्टा या दुकानात लागली. ती फुलं ती हाताने काढत नसे, डाग काढायच्या चिमट्याने काढायची. विल्बर्टने ते पहिल्याच वर्षी पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्याने एक नवा चिमटा आणून तिच्या टेबलावर ठेवला आणि हवा फार गार झालीय म्हणाला.

मास्तरांचा कोट ही वेगळीच गोष्ट होती. ओवेन लॉक्रन म्हणजे वरच्या रस्त्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्त झाले तरी गावाचे मास्तरच. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. पहिल्या वर्षी त्यांच्या कोटाची कॉलर उलटताना सेप्टाच्या बोटाला टाचणी लागली. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं ते फूल लावलेलं होतं. तिने ते काढलं, कोट स्वच्छ केला आणि होतं तिथंच परत लावलं. ते काही बोलले नाहीत आणि तिने काही विचारलं नाही. दरवर्षी हेच. कुणाचं फूल ते पुढे आईकडून कळलं. मास्तरांचा धाकटा भाऊ बार्नी त्याच सैन्यात भरती होऊन दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारला गेला होता. त्यांच्या आईने गावात सांगितलं, पोरगं लिव्हरपूलला कामाला गेलं आणि तिकडेच तापाने गेलं.

काल एकतीस कोट होते. सगळे काळे. हात आपोआप चालत होता आणि डोकं घरी गॅसवर ठेवून आलेल्या सूपमध्ये होतं. मास्तरांचं एकतिसावं फूलही तिने बाकीच्या तिसांसारखं बाहेर लावलं.

अंगावरचा एप्रन न सोडताच सेप्टा धावत सुटली. चढ लागला तशी तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही.

चर्चच्या आवारात पोचली तेव्हा शवपेटी बाहेर आली होती. तिथून दफनभूमीपर्यंत पेटी खांद्यावरून न्यायची आणि वाटेत माणसं बदलत जायची, ही त्यांची रीत. मास्तर खांदा द्यायला पुढे झाले होते. समोर म्हातारीचा मुलगा डॅन हॅनिगन उभा होता, आणि त्याची नजर मास्तरांच्या छातीवर होती.

"मास्तर," डॅन म्हणाला, "हे लावून माझ्या आईला खांदा देणार तुम्ही?"

मास्तरांनी खाली पाहिलं. आधी त्यांना काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्यांचा हात वर आला, तो फूल झाकायला की काढायला ते सेप्टाला कळलं नाही. आवारात शंभर माणसं होती. मास्तरांची मुलगी नोरीन बायकांमध्ये पांढरीफटक पडून उभी होती. मास्तरांनी मान वर केली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"चूक माझी आहे," सेप्टा मोठ्याने म्हणाली. "दुसऱ्याचं फूल यांच्या कोटाला लागलं. काल कोटांचा ढीग होता, घोटाळा झाला. मास्तर, द्या ते इकडे."

सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. "पॅटनच्या दुकानात कोट टाकला," डॅन म्हणाला, "की माणूस राणीचा शिपाई होऊनच बाहेर पडतो बघा." हसण्याची वेळ नव्हती, तरी लोक हसले. मास्तरांनी टाचणी काढली आणि फूल तिच्या हातात दिलं.

"हो," ते म्हणाले. "दुसऱ्याचंच असणार."

मग त्यांनी पेटीखाली खांदा दिला.

सेप्टा परत निघाली तेव्हा तिला हायसं वाटत होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. मास्तरांना वाचवलं म्हणून हायसं वाटत होतं, हे खरं. पण ते फूल आपलं नाही, आपल्यातल्या कुणाचंच नाही, हे शंभर माणसांत ओरडून सांगताना तिला बरं वाटलं होतं, हेही तेवढंच खरं होतं.

शनिवारी मास्तर दुकानात आले. तिने पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उघडलं नाही, खिशात ठेवलं.

"मास्तर, मी फार मोठी चूक केली."

"टाचणीची ना? होतं तसं. तू दमली होतीस, पोरी."

"त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोलणार होतात."

"होतो."

"काय बोलणार होतात?"

मास्तरांनी हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत. "बावन्न वर्षं मी त्या क्षणाला भीत होतो, सेप्टा. आणि तो आला तेव्हा तू मध्ये पडलीस. तू बोललीस तेच मीही बोललो असतो कदाचित. कदाचित बार्नीचं नाव घेतलं असतं. ते आता मला कधीच कळायचं नाही." तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, "तुझ्यावर राग नाही गं. भल्यासाठीच केलंस तू."

राग असता तर सेप्टाला सोसलं असतं.

फेब्रुवारीत मास्तर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीन दुकानात आली. दफनाआधी त्यांना घालायचा सूट तिने इस्त्रीला आणला होता, आणि तो काळा कोट कुणा गरजूला द्यायचा म्हणून स्वच्छ करायला.

"आणि हे," तिने पाकीट काढलं. "बाबांच्या खणात होतं. तुमच्या दुकानाचा शिक्का आहे. त्या दिवशीचं ते दुसऱ्याचं फूल. परत करायचं विसरले असणार. ज्याचं असेल त्याला देऊन टाका."

बरं म्हणून पाकीट घेतलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. विल्बर्ट मान खाली घालून पावती लिहीत होता.

"नोरीन," सेप्टा म्हणाली, "ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मी खोटं बोलले. ते त्यांचंच होतं. तुझ्या बार्नीकाकासाठी."

"काका लिव्हरपूलला वारले."

"इटलीत. सैन्यात होते."

नोरीनने कोट हातात घेतला, कॉलर उलटली, बोटाने चाचपली. "इथं तर काही खूण नाही."

"नसणारच. वाफ दिली की लोकरीतलं भोक बुजतं. तेवीस वर्षं मीच बुजवत आले."

नोरीनला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. मग डोळे पुसून तिने सूट टेबलावर पसरला. "याला लावा," ती म्हणाली. "ते लावायचे तसंच." सेप्टाकडे वळून तिने विचारलं, "तुम्हाला चालेल ना? मॅलकीच्या नंतर…"

"मॅलकीला वाचायला तुझ्या बाबांनी शिकवलं," सेप्टा म्हणाली.

तिने सूटला इस्त्री केली. मग पाकीट उघडलं. चिमटा शेजारीच होता, तो तसाच राहिला. बोटांनी तिने ते फूल बाहेर काढलं; कागद हातात अगदीच हलका लागला. कॉलरच्या आतल्या बाजूला, काळजाच्या अंगाला टाचणी खोचली आणि कॉलर खाली बसवून तळव्याने सपाट केली. बाहेरून काही दिसत नव्हतं.

विल्बर्टने पावती फाडली आणि नियमाप्रमाणे, वर न बघता विचारलं, "पाकिटात काही राहिलंय?"

"नाही," सेप्टा म्हणाली. "होतं तिथं लावलंय."