आयसिंगची वीण

सासूबाईंची दृष्टी अधू झाली आणि त्यांनी आयसिंगचा कोन खाली ठेवला तो ठेवलाच. जन्मभर कुकीज सजवलेली बाई! आता खिडकीपाशी बसून मी सजवलेल्या कुकीजना नावं ठेवायच्या, तीही न बघता. माझा पारा चढायचा. पण हळूहळू त्यांनी नावं ठेवणंही सोडलं, जेवण दोन घासांवर आलं, तेव्हा मात्र मला धडकी भरली.

अशात लोकरीच्या दुकानाची ऑर्डर आली. स्वेटरच्या आकाराच्या कुकीज हव्या होत्या, वर आयसिंगमध्ये हुबेहूब वीण. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर घट्ट फेटून मी उत्साहात टाके काढायला बसले. पहिली ओळ ओली असतानाच दुसरी घातली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी बशी आपटली.

"काय झालं गं?"

"बघा तुम्हीच!" म्हटलं आणि जीभ चावली.

त्यांनी हात पुढे करून कुकी चाचपली. "अगं, एक ओळ वाळू तरी द्यायचीस. कुठं गाडी पकडायचीय तुला?"

"मग करा ना तुम्ही!" मी कोन त्यांच्या हातात कोंबला.

"मला दिसतंय कुठं?" त्या पुटपुटल्या, पण कोन सोडला नाही. डाव्या हाताचं बोट कुकीच्या कडेला लावून त्यांनी पहिली ओळ काढली. मग थांबल्या. ओळ वरून सुकल्यावर त्याच उंचवट्याला बोट टेकवून शेजारी दुसरी काढली. गुळगुळीत आयसिंगला डोळे लागतात. ही वीण बोटालाही कळत होती. हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून स्वतःचा रागही आला आणि रडूही.

वीण पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारलं, "कशी झालीय?"

"सुंदर झालीय, आई!"

सुकलेल्या टाक्यांवरून त्यांचं बोट फिरलं आणि मध्येच अडलं.

"तोंडावर खोटं बोलतेस? ही ओळ वाकडी आहे."

आता त्या कोन ठेवून देतील, अशी मला भीती वाटली.

"ही तू खाऊन टाक," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी दे इकडं. माझ्या हातची वाकडी वीण दुकानात जायची नाही."