करंगळीला चिमटा

क्लबातले घामट कपडे धुणं, वाळवणं हे माझं काम. त्यामुळे खिशात कायम कपड्यांचे चिमटे. आता एवढे चिमटे हाताशी असल्यावर माणूस गप्प बसेल का? कुणाच्या कानाला, कुणाच्या बोटाला मागून हळूच लावायचा. तो बोंबलला की आमचा दिवस सुरू. भालाफेकवाला बांबू तर मी नुसता खिशात हात घातला तरी बोंबलतो.

माझा भाचाही भालाच फेकतो. मध्यंतरी त्याचं कोपर बिनसलं. फेक केली की कोपरापासून करंगळीपर्यंत करंट मारायचा, मुंग्या यायच्या. कोपरातली नस दाबली जातेय, हाताला आराम दे, असं क्लबाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आराम करतोय कसला! मग एक दिवस त्याची कुरकुर थांबली. सुटलो बाबा, असं तो म्हणाला, आम्हालाही खरं वाटलं. ताईनं तर पोरगा संघातून परदेशी चालला म्हणून अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं, नवी बॅगही आणली.

जागा एकच होती. भाचा पहिला, तो बाद झाला तर बांबू. फक्त डॉक्टरीणबाईंची सही राहिली होती.

त्या सकाळी तपासणीच्या खोलीत सगळे रांगेत उभे. भाचा बाईंसमोर, हात मागे बांधून, अगदी शहाण्या बाळासारखा. मी टॉवेल घेऊन त्याच्या मागून चाललो होतो. करंगळी दिसली. लावला चिमटा, नवाकोरा, कडक स्प्रिंगचा. आणि बोंब ऐकायला थांबलो.

बोंब नाही.

बाईंनी विचारलं, मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का? भाच्यानं हात सोडून मांडीशी घेतले.

"छे हो. ठणठणीत आहे."

चिमटा करंगळीला लोंबत होता. आधी बांबू फिसकन हसला, मग सगळी रांग. मीही पोट धरून हसलो, न हसून करतो काय! भाचाही दात काढून मागे वळला.

"मामा, आज कुणाची विकेट काढलीत?"

बाईंनी पेनला टोपण लावलं. त्याचा हात उचलून त्याच्याच डोळ्यांसमोर धरला. तो बघत राहिला. बोट निळं पडलं होतं.

मग त्यांनी बांबूला पुढे बोलावलं.

ताई अजून माझ्याशी बोलत नाही. चिमटा मात्र फर्स्टक्लास निघाला. बांबूची संघाची जर्सी त्याच चिमट्यानं अडकवून वाळत घालतो.