सरांची गाडी सर स्वतः धुतात

राजेश्वर सर आपली गाडी स्वतः धुतात, हे सेलूतल्या आमच्या वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं, कारण सर ते सगळ्यांना सांगायचे. मी त्यांच्या समोरच राहते. मधे फक्त रस्ता, तोही एक बैलगाडी आडवी लावली तर बंद होईल एवढा. मी दवाखान्यात नर्स. रविवारी माझी सुट्टी, म्हणून हा सोहळा आठ वर्षं मला चुकवता आला नाही.

सर शाळेत मराठी शिकवतात. घरी आले तरी त्यांची शाळा सुटलेली नसते. रविवारी सकाळी आठला चौकडीची हाफ पँट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ते फाटकाबाहेर यायचे. येणारा-जाणारा विचारायचाच, "काय सर, गाडी धुवायलाव?"

"ज्याला आपली गाडी धुता येत नाही, त्याला ती चालवायचा अधिकार नाही," सर स्पंज उंच धरून म्हणायचे. "लोक वॉशिंग सेंटरला देतात. तिथं कुणाकुणाचे हात लागतात हो गाडीला! कसले हात, कुठले हात!"

असं म्हणताना त्यांची नजर एकदा माझ्या फाटकाकडं यायची आणि लगेच परत जायची. मी रोज लोकांच्या जखमा धुते. अशा बोलण्यानं मला काही होत नाही. पण मी विसरतही नाही.

गंमत अशी की सरांच्या बोअरचं पाणी खारं. गाडी काळी, त्यामुळं वाळली की पांढरे डाग. आमच्या बोअरला गोड पाणी. म्हणजे कुणाचा हात चालत नसला तरी बोअर चालायचा. ते पाणी आणायच्या त्रिवेणीताई, सरांच्या बायको. वय अठ्ठेचाळीस, अंगानं किरकोळ, दोन हातांत दोन बादल्या. दर रविवारी आठ बादल्या. मी एकदा म्हटलं, "सर, पाइप टाकते ना इकडून."

"रस्त्यावरून पाइप लोळत येणार, लोकांच्या चपला त्यावर पडणार," सर म्हणाले. "नको, नको. ती आणते ना."

ती आणायची. फडकी पिळायची तीच, नंतर धुऊन दोरीवर टाकायची तीच. सर स्पंज फिरवायचे. टप, काचा, बॉनेट. शेवटी बॉनेटला टेकून एक फोटो, आणि शाळेच्या ग्रुपवर खाली एक ओळ, श्रमात मोठेपण आहे अशा अर्थाची. त्याला तीस-चाळीस जण हात जोडायचे.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. कापसाचे दिवस होते, जिनिंगकडं जाणाऱ्या ट्रकांनी सगळी धूळ आमच्या घरांवर आणली होती, म्हणून सरांनी त्या रविवारी साबण जास्त घेतला. फाटकासमोरच्या शहाबादी फरशीवर फेस पसरला होता. मी गच्चीवर कपडे वाळू घालत होते. बादली आदळल्याचा आवाज आला आणि त्यामागून ताईंचा. ओरडल्या नाहीत, नुसतं "आई" म्हणाल्या.

मी खाली पळाले. ताई फरशीवर बसल्या होत्या, उजवं मनगट वर उचलल्यासारखं वाकडं झालेलं. बघताक्षणी कळलं, हाड मोडलंय. सर स्पंज हातात घेऊन उभे होते.

"अगं, बघून यावं ना," ते म्हणाले. "इकडं फेस वाळायला लागलाय."

"सर, गाडी काढा," मी म्हटलं. "दवाखान्यात न्यावं लागेल. आत्ता."

सरांनी गाडीकडं पाहिलं. गाडी अर्धी पांढरी, अर्धी काळी. "अशी कशी काढू, सिस्टर? साबण वाळला तर डाग जात नाहीत. दोनच मिनिटं. एवढं धुऊन घेतो."

मी वर्तमानपत्राची घडी मनगटाखाली धरली, ओढणीनं हात बांधला, आणि ताईंना माझ्या स्कूटीवर मागं बसवलं. निघताना आरशात दिसलं, सर माझ्याच फाटकाकडं निघाले होते. बादली घेऊन.

सर दवाखान्यात आले ते दीड तासानं, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी चकचकीत, लिंबाच्या सावलीत नीट लावलेली. तोवर एक्स-रे झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं पडल्या?"

"बाथरूममध्ये पाय घसरला," सर म्हणाले. ताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, म्हणून मी गप्प बसले. आजवर अशा बायका मी किती पाहिल्या असतील, सगळ्या बाथरूममध्येच पडलेल्या असतात.

सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं.

पुढच्या रविवारी सर माझ्या दारात बादली घेऊन आले. नळ कुठं आहे, ते त्यांना सांगावं लागलं. मागच्या वेळी म्हणे घाईत पक्ष्यांसाठी ठेवलेल्या घमेल्यातलं पाणी उपसून नेलं होतं. पहिली बादली रस्त्यात अर्धी सांडली. दुसरीला ते मधेच थांबले, कंबरेला हात लावला आणि बादली तिथंच ठेवून घरात गेले. मग गाडीवर कव्हर चढलं. कुणी विचारलं की सर खालच्या आवाजात म्हणायचे, "घरात आजारपण आहे. मन लागत नाही." लोकांना ते फार आवडलं. बायकोवर किती जीव, असं चार घरी बोललं गेलं. घरात आलेल्या पोळीवालीलाही ते खरं वाटलं. पोळीवाली मीच बघून दिली होती. सर म्हणाले होते, एका हातानं भाकरी जमते की.

चौथ्या आठवड्यात शाळेचं संमेलन आलं. संस्थेच्या अध्यक्षांना स्टेशनवरून आणायचं काम सरांनी स्वतः मागून घेतलं होतं. आणि गाडीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. सेलूत वॉशिंग सेंटरं आहेत, पण सगळी भर रस्त्यावर. कुणीतरी बघणार. मग सरांना अचानक मेव्हणी आठवली.

"चल, भागम्माकडं जाऊन येऊ," ते ताईंना म्हणाले. भागम्मा ही ताईंची धाकटी बहीण, बोरीला असते. सरांनी आपणहून तिचं नाव काढायची ही पहिलीच वेळ. ताईंनी एका हातानं कशीबशी नवी साडी गुंडाळली, गूळपोळ्यांचा डबा घेतला.

पुढचं मला ताईंनी सांगितलं, आणि त्या तिखटमीठ लावणाऱ्यातल्या नाहीत.

बोरी जवळ आली तशी सरांनी गाडी गावात नेली नाही. रस्त्याकडेच्या एका वॉशिंग सेंटरात घातली. वैजीनाथ आणि सारजाबाई या नवरा-बायकोचं ते. दोघं पूर्वी दर साल ऊसतोडीला जायचे. तीन वर्षांपूर्वी ते सोडलं, सिमेंटचा रॅम्प बांधला, पाण्याची मोटार घेतली. वैजीनाथ मोटारीपाशी, आणि गाडी धुणार सारजाबाई. गुडघ्यापर्यंत बूट, साडीवर नवऱ्याचा शर्ट, हातात पाण्याची बंदूक.

सरांनी उतरल्या उतरल्या सूचना सुरू केल्या. फडकं नवं घ्या. आधी हात धुवा. रंगाला ओरखडा नको. "मी स्वतः धुतो गाडी. आठ वर्षं. आज नाइलाज आहे म्हणून."

"हां," सारजाबाई म्हणाली. तिनं ताईंना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि गाडी रॅम्पवर घेऊन स्वतः खाली वाकली. पाण्याचा फवारा चाकामागं लागला तसे चिखलाचे पोपडे खाली पडायला लागले. एक पडला, दुसरा पडला, पडतच राहिले. सारजाबाईनं बंदूक बंद केली.

"सर, जरा हिकडं येऊन बगा."

"काय झालं?"

"कवाचा चिखल हाय ह्यो? पत्रा खाल्लाय सगळा. हितं बोट घातलं तर आरपार जातंय."

"शक्य नाही. मी दर रविवारी धुतो."

"वरून धुता," सारजाबाई म्हणाली. "खाली कुणी वाकलंच न्हाई."

"खालचं कुणाला दिसतं, बाई?"

सारजाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग ती ताईंकडं वळली. "ताई, हात कशानं मोडला?"

"बाथरूममध्ये—" सरांनी सुरुवात केली.

"गाडी धुताना," ताई म्हणाल्या. मला सांगताना त्या म्हणाल्या, की तोंडातून कसं गेलं ते त्यांनाच कळलं नाही. "समोरच्या घरून पाणी आणताना पडले. दर रविवारी आठ बादल्या आणायचे मी."

वैजीनाथनं मोटार बंद केली.

"पाणी तुमी आणता," सारजाबाई म्हणाली. "फडकी कोण पिळतंय?"

"मीच."

"मग सर काय करत्यात?"

"मी धुतो!" सर म्हणाले.

सारजाबाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, ताई म्हणाल्या. ती सरळ आवाजात म्हणाली, "आमी दोघं ऊस तोडायचो. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणत्यात. माणसं दोन, कोयता एक. मला लय राग यायचा त्याचा. पर मुकादम दोघांना मोजून तरी एक म्हणायचा, सर. तुमी तर ह्यांना मोजलंच न्हाई."

"तुम्ही तुमचं काम करा," सर म्हणाले. कान लाल झाले होते त्यांचे.

तिनं तिचं काम केलं. दीड तास केलं. चाकांच्या आत, दारांच्या खाचांत, सीटखाली. ताई म्हणाल्या, गाडीचा मूळ रंग काय होता ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी सरांनी नोट काढली आणि खुर्चीवर ठेवली. सारजाबाई जागची हलली नाही.

"हातात द्या, सर. सकाळपासनं पाण्यात हायत हात. तुमच्यापरीस धुतलेलेच असतील."

सरांनी नोट उचलली आणि टोकाला धरून तिच्या हातात दिली.

रस्त्याला लागल्यावर सर म्हणाले, "उशीर झाला. भागम्माकडं पुढच्या वेळी जाऊ." आणि मग, "काय गरज होती त्या बाईपुढं बोलायची? उसाच्या फडातली बाई, ती मला शिकवणार?"

"गाडी थांबवा," ताई म्हणाल्या.

सरांना वाटलं, उलटी होतेय. सीट नुकत्याच पुसलेल्या, म्हणून त्यांनी लगेच थांबवली. ताई गूळपोळ्यांचा डबा घेऊन उतरल्या आणि बोरीच्या वेशीकडं चालायला लागल्या. सरांनी दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा वैजीनाथ बाहेर येऊन बघायला लागला, मग सर निघाले. ताई बहिणीकडं पाच दिवस राहिल्या. परत आल्या तेव्हा बोटांना मेंदी होती, प्लास्टरमधून बाहेर राहिलेल्या तेवढ्या बोटांना.

संमेलन झकास झालं म्हणे. शाळेतले शिपाई सटवाजी आमच्या दवाखान्यात औषधाला येतात, त्यांनी सांगितलं. अध्यक्ष गाडीतून उतरताना म्हणाले, "सर, गाडी अगदी नव्यासारखी ठेवलीय." आणि सर म्हणाले, "स्वतः धुतो, साहेब. दुसऱ्याचा हात लागू देत नाही." अध्यक्षांनी मग भाषणात त्यांचं उदाहरण दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकून चीड आली, पण नवल वाटलं नाही. असल्या माणसाला लाज एका ठिकाणी वाटली, तर तो दुसऱ्या ठिकाणी जाऊन ती भरून काढतो.

प्लास्टर निघालं. त्यानंतरच्या रविवारी हाफ पँट पुन्हा बाहेर आली. "अगं, बादल्या घे," अशी हाक मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली.

ताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "मनगटात जोर नाही," म्हणाल्या.

"डॉक्टर तर म्हणाले, काम करायला हरकत नाही."

"डॉक्टरांना मी परवा खरं सांगितलं, कशानं पडले ते. ते म्हणाले, पाणी उचलायचं नाही."

सर स्पंज घेऊन तसेच उभे राहिले. रस्त्यावर दोघं-तिघं होते, म्हणून त्यांना आवाजही चढवता येईना. मग ते आत गेले, आणि बाहेर आले ते पँट-शर्टात.

गाडी वॉशिंग सेंटरला द्यायची तर आठ वर्षांचं बोलणं खोटं पडतं. स्वतः धुवायची तर बादली उचलावी लागते. दुसऱ्या कुणाला यातून वाट सापडली नसती. सरांना पंधरा दिवसांत सापडली. त्यांनी गाडी धुणंच पाप ठरवलं.

"मराठवाड्यात लोकांना प्यायला पाणी नाही, आणि आपण गाड्या धुतो!" ते आता फाटकात उभे राहून म्हणायला लागले. "घरी धुणाराही गुन्हेगार, पैसे देऊन धुऊन घेणाराही गुन्हेगार. मी तर सोडून दिलं." धुळीनं भरलेल्या गाडीसोबतचा फोटो ग्रुपवर पडला. या वेळी साठ जणांनी हात जोडले. आमच्या गल्लीतला चंद्रभान बिचारा साधा माणूस, रोज ओल्या फडक्यानं आपली जीप पुसायचा. सरांचं ऐकून त्यानंही ते बंद केलं.

परवाच्या रविवारी सर त्याच चंद्रभानला अडवून हेच समजावत होते. मी दारात भाजी निवडत होते. ताई पिशवी घेऊन बाहेर आल्या, पायांत चपला सरकवल्या.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"स्टँडवर. बोरीची बस आहे. दोन दिवसांनी येते."

"अगं, पण जेवणाचं काय? पोळीवाली तर तू बंद केलीस."

"भात लावा. तांदूळ डब्यात आहेत."

"कुठल्या डब्यात?"

ताई तोवर कोपऱ्यावरून वळल्या होत्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाजी निवडत राहिले.