नवा पट्टा चावतोच

"खिळा द्या. आणि वाटीभर पाणी."

स्टोअरकीपरने हसत दोन्ही दिलं. पट्टेबाईंनी नव्या पट्ट्याचा तुकडा भिजवून त्यावर लोखंडी खिळा ठेवला. रुग्णालयाच्या या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं कृत्रिम पायांचे पट्टे शिवत होत्या. झाडाच्या सालीच्या पाण्यात दोन-दोन महिने मुरलेल्या गाईच्या कातड्याला ओलं लोखंड लागलं, की ते काळं पडतं. नवशिके तिथेच चुकतात आणि चांगलं कातडं डागाळून ठेवतात. इथे पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी डाग नाही.

"हे क्रोमचं आहे. केमिकलमध्ये एका दिवसात कमावलेलं."

"अहो बाई, रंग तोच, जाडी तीच. पेशंटला काय कळतंय?"

"पेशंटच्या उघड्या मांडीला कळतं! घाम पितं का हे? ताणलं की सैल पडतं, पाय हलतो, कातडी सोलवटते. पण गाढवाला गुळाची चव काय!"

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या महिनाभर रजेवर काय गेल्या, या माणसाने हा माल भरला, बाहेरून पट्टे शिवून घेतले आणि अकरा जणांना बांधूनही टाकले. वर तोंड करून हसतोय! बाईंच्या हातात कातडं टोचायची आरी होती, ती त्यांनी मुद्दाम खाली ठेवली.

"अकराही जणांना आजच बोलवा. नाहीतर हा तुकडा घेऊन मी मोठ्या साहेबांकडे जाते."

दुपारी पहिले आले ते निवृत्त पोस्टमन. बाईंनी बक्कल सोडून पट्टा उतरवला. मांडीवर चार बोटं रुंद सालपट निघालं होतं, कडेला पू धरला होता.

"काका, तीन आठवडे हे सोसलंत? पहिल्याच दिवशी काढून फेकायचा ना!" बाई ओरडल्याच.

पोस्टमन ओशाळले. "तुम्हीच मागच्या वेळी सांगितलं होतंत, बाई. नवा पट्टा आधी चावतोच, मग अंगाला सरावतो. काढायचा नाही, दम धरायचा. म्हणून मी रोज थोडा जास्तच चाललो."

स्टोअरकीपर दाराशी उभा होता, आता तो हसत नव्हता. बाई उठल्या आणि रक्ताळलेला पट्टा त्यांनी त्याच्या हातात कोंबला.

"धरा नीट. बाकीचे दहा येईपर्यंत खाली ठेवायचा नाही."