समोरून कोणी येत नाही

आरसे

मोटारसायकलचे दोन्ही आरसे काढायला लावले. हेडलाइटवर चिकटपट्टी. मागच्या दिव्यावर चिकटपट्टी.

"अन् हॉर्न?" त्रिवेणीनं विचारलं.

"कुणासाठी?" नागनाथ सर हसले. ते या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवायचे. मूळचे नांदेडचे, म्हणूनच तिनं दक्षिणेतला इतका लांबचा ट्रॅक निवडला होता. "मागं बघायचं नाही. मागचा आपलं बघून घेईल. समोरून कोणी येत नाही."

पालमहून टेम्पोत घालून गाडी इथवर आणणारा तिचा नवरा महांतेश शेजारीच उभा होता.

"कुत्रंबी न्हाई?"

"तारेचं कुंपण आहे, दादा."

"कुंपण तर आमच्या रानालाबी हाय," महांतेश म्हणाला. "डुकरं रोज येऊन जायलेत."

बाभळीचं वळण

हे आधी सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी पालमजवळ बाभळीच्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. कामावरच्या माणसानं हात केला. "जावा ताई. पलीकडून वाहनं बंद केलीत. समोरून कोणी येत न्हाई."

तिनं विश्वासानं गाडी सोडली. समोरून खरंच कोणी आलं नाही. वळणापलीकडे उसाची ट्रॉली नुसती उभी होती.

तिला खरचटलं. मागं बसलेल्या महांतेशचा पाय मोडला. पाय जुळला, पण तो पुन्हा तिच्या मागं बसला नाही. कुठंही जायचं तर एसटी. बोलून काही दाखवत नाही, तेच तिला जास्त लागतं. ट्रॅकवर भीती मोडली की तो बसेल, असं ती धरून चालली होती. तो फक्त "बघू" म्हणाला होता.

वळण पाच

चढ. चढापलीकडे रस्ता उजवीकडे वळतो, पण तो इकडून दिसत नाही. चौथा गिअर, मुठीत रेस धरलेली, गुडघा बाहेर, नजर वळणाच्या —

रेस सुटली.

पुढची फेरी. चढ, चौथा गिअर, नजर —

रेस सुटली.

डांबर इतकं गुळगुळीत की तिला त्या डांबराचाच संशय येत होता. खड्डा नाही, शेण नाही, वाळत घातलेलं सोयाबीन नाही. इतका मोकळा रस्ता कुणी उगाच ठेवतं का?

"पाचव्या वळणावर तुम्हाला काय दिसतं हो?" थांबल्यावर सरांनी विचारलं.

"ट्रॉली."

"इथं ट्रॉली कुठून येईल?"

"तिकडंबी आली न्हवती सर. उभीच होती."

सर आपल्या गाडीवर बसले. मग हेल्मेट घालत म्हणाले, "माझ्या मागं या. माझी पाठ बघा. मी गेलो म्हणजे रस्ता आहे."

वळण पाच, शेवटची फेरी

चढ. सरांची पाठ चढापलीकडे बुडाली. आता धडकेचा आवाज येणार.

आला नाही.

रेस तशीच. गुडघा डांबराला घासला आणि पुढं रस्ता. नुसता रस्ता! हेल्मेटच्या आत ती एकटीच ओरडली.

"बघितलं का तुमी?" ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात त्या पिटमध्ये येताच तिनं महांतेशला विचारलं.

"इथून कुठं दिसायलंय? ऐकलं. हर फेरीला तिथं तुझ्या गाडीचा आवाज खाली यायचा." त्यानं आरसे उचलून टेम्पोत ठेवले. "शेवटच्याला आला न्हाई."

हे कौतुक होतं का? परतीच्या सगळ्या वाटेवर ती त्याच्या तोंडाकडं चोरून बघत राहिली.

आरसे, पुन्हा

पालमला घरासमोर त्यानं स्वतः आरसे बसवले. नीट फिरवून बघितले. चिकटपट्टी सोलून काढली.

"बसा," ती म्हणाली.

"न्हाई."

"अहो, माझं भ्या गेलं आता."

"म्हणूनच न्हाई." त्यानं चिकटपट्टीची गोळी केली. "तुझा आवाज खाली यायचा तवा वाटायचं, आता बसावं हिच्या मागं. अन् शेवटाला तू तो खाली आणलाच न्हाईस."

"मग शिकले ते विसरू का?"

"विसर कशाला? तिथलं तिथं ठेव."

तिनं गाडी सुरू केली. "बाभळीच्या वळणापर्यंत चला. आवाज खाली आला न्हाई, तर उतरून एसटी धरा."

"उतरायला पाय राहिला तर धरतो," म्हणत तो बसला.

बाभळीचं वळण, पुन्हा

तिच्या खांद्यांवर त्याचे हात. बाभळी दिसू लागल्या. हे वळण कसं काढायचं ते तिला आता नीट माहीत होतं. बाहेरून आत, नजर पलीकडे, रेस तशीच. खांद्यात बोटं रुतली. तो इंजिन ऐकत होता.

रेस —

खाली आली. हॉर्नही वाजला.

वळणापलीकडे ट्रॉली नव्हती. शेळीसुद्धा नव्हती. दोन्हीकडे कापसाच्या पऱ्हाट्या आणि लांबपर्यंत रिकामं डांबर. रेस तशीच ठेवली असती तरी चाललं असतं.

बोटं सैल झाली. "चल, चुडाव्याला बहिणीकडं जाऊन येऊ," तो मागून म्हणाला.

तिनं आरशात पाहिलं. त्याचा चेहरा निवांत होता. तिला मात्र, पहिल्यांदाच, त्या रिकाम्या रस्त्याचा राग आला.