सतरावी गोगलगाय

आमच्या घरात सगळं उलटं चालतं, हे आधीच सांगून टाकतो. उलटं काढायचं, उलटं कोरायचं, उलटं वाचायचं. लाकडाच्या ठोकळ्यावर डावीकडे असलेलं झाड पुस्तकात उजवीकडे छापून येतं. मी अक्षरं ठोकळ्यांवरूनच शिकलो. त्यामुळे शाळेत गेल्यावर मास्तर आधी माझ्या पाटीकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघायचे.

आम्ही पेटिफर. क्लार्कनवेलला, घड्याळवाल्यांच्या गल्लीत, सगळ्यात वरचा मजला, कारण उजेड तिथेच. पुस्तकांतली चित्रं लाकडावर कोरणं हा आमचा धंदा. बाबा, थोरला भाऊ रूबेन आणि मी, एनॉक, आम्ही तिघं कोरतो. माझी बहीण केझाया माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती कोरत नाही. ती पांढऱ्या रंगाचा हात दिलेल्या ठोकळ्यावर पेन्सिलीने चित्र काढते, मग आम्ही तिची प्रत्येक रेघ शिल्लक ठेवून आजूबाजूचं लाकूड काढून टाकतो. कोरून झालं, शाई लागली, की तिची पेन्सिल संपली. उरतं ते आमचं कोरीव काम. आणि छापलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एकच नाव, पेटिफर.

"त्यात तूही आलीस की," बाबा म्हणायचे.

"आले असेन," केझाया म्हणायची. "मला कधी दिसले नाही मी तिथे."

तर डॉर्सेटहून एका पाद्र्याचं पत्र आलं. रेव्हरंड डॅगेट. त्यांनी इंग्लंडातल्या गोगलगायींवर पुस्तक लिहिलं होतं आणि चित्रं आमच्याकडून हवी होती. खाली लिहिलं होतं, तुमच्याकडे चित्रं कोण काढतं? त्यांचं नाव मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालीन.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. आमच्या धंद्यात असं कुणी विचारत नाही.

"पहिल्या ठोकळ्याचा छाप त्यांच्याकडे जाऊ दे," ते केझायाला म्हणाले. "त्यात एकही चूक निघाली नाही, तर तुझं नाव कळवतो. एक जरी तक्रार आली, तर हा विषय परत काढायचा नाही."

केझाया "बरं" म्हणाली आणि खाली निघून गेली. जिन्यात तिची पावलं नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. तिचं वय तेव्हा अठ्ठावीस. चौदाव्या वर्षापासून ती ठोकळ्यांवर काढत होती आणि तिच्या नावाचं जगात एकही चित्र नव्हतं.

गोगलगायी टपालाने आल्या. जिवंत. पत्र्याच्या डब्यात ओलं शेवाळं, त्यात सतरा जणी, प्रत्येकीच्या शंखावर शाईने बारीक आकडा.

"सतरा पाहुणे," रूबेन म्हणाला. "आई, जेवायला काय आहे?"

"सॅलडची पानं आहेत. त्यांना. तुला कालचं मटण."

केझायाची पद्धत अशी. टेबलावर आरसा उभा करायचा, समोर गोगलगाय ठेवायची आणि गोगलगायीकडे न बघता आरशातलं तिचं रूप काढायचं. म्हणजे ठोकळ्यावर आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं होतं. गोगलगायी पोज देत नाहीत. ती एकेकीला पानावर बसवायची, ती चालू लागली की उचलून परत आणायची. नऊ दिवस हे चाललं. एकदा मी विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"हिला खालून बघ," तिने एक काचेवर ठेवून दाखवली. "चालताना पोटाखाली लाटा जातात. तू कधी बघितल्यायस?"

मी बघितल्या नव्हत्या. आम्ही कोरणारे वस्तू बघतच नाही. बाबांनी लहानपणापासून घोकून घेतलंय, जे काढलंय ते कोरायचं, एक केस जास्त नाही, एक केस कमी नाही. सिंह कोरायला सिंह बघावा लागत नाही.

दहाव्या दिवशी ठोकळा माझ्याकडे आला. आजवर मी आकाश, गवत, भिंती असलं मागचंच कोरायचो. या वेळी बाबांनी मुख्य काम मला दिलं. बोट कातरेल असली नाजूक रेघ होती केझायाची. शंखावरची एकेक वळी.

आणि सतरावी चुकलेली होती.

गोगलगायीचा शंख टोक वर करून धरला, तर तोंड उजवीकडे येतं. हे मला माहीत होतं, आमच्या मागच्या अंगणात त्या हव्या तेवढ्या आहेत. म्हणजे ठोकळ्यावर तोंड डावीकडे हवं. सोळा जणींचं होतंच. सतरावीचं उजवीकडे होतं.

माझ्या लगेच लक्षात आलं काय झालं ते. शेवटची गोगलगाय, थकलेली बाई, आरशाऐवजी सरळ समोर बघून काढून मोकळी झाली.

बाबांना सांगितलं तर ती तक्रारच झाली. तिचं नाव गेलं. तिला सांगितलं तर तिला वाईट वाटेल. मग मी अंगठा ओला केला, सतरावी पुसली, पांढरा रंग लावला, वाळल्यावर शेजारच्या नवव्या नंबरकडे बघून तशीच एक काढली आणि कोरून टाकली. कुणाला कळलं नाही. मी तिच्यासाठीच केलं हे.

पण खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं होतं. केझाया चुकली, आणि ते मी पकडलं.

कच्चा छाप डॉर्सेटला गेला. आठवड्याने उत्तर आलं. बाबांनी कामाच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शंख सुंदर, रेघ सुंदर, असं असं. मग त्यांचा आवाज हळू झाला.

"'परंतु सतराव्या क्रमांकाची आकृती पूर्णपणे चुकीची आहे. खऱ्या सतरावीचा पीळ इतरांच्या उलट आहे. अशी गोगलगाय मी एकतीस वर्षं शोधत होतो. ती एकच मिळाली. पुस्तकातलं हे प्रकरण मी तिच्यासाठीच लिहिलं. चित्रकाराने तिच्याकडे बघितलंच नाही असं दिसतं. मी गुरुवारी स्वतः येतो.'"

मी कोरणी खाली ठेवली. 

"मी बघितलं होतं," केझाया म्हणाली. "बाबा, मी तिच्यावर अख्खा दिवस घालवला. ती उलट आहे हे मला दिसलं होतं. मी तशीच काढली."

"दाखव मग."

दाखवणार काय? तिचं चित्र मी पुसलं होतं, उरलंसुरलं कोरण्याच्या चुऱ्यात गेलं होतं आणि चुरा रूबेनने शेगडीत टाकला होता. ठोकळ्यावर माझी गोगलगाय होती. सगळे त्या गोगलगायीकडे बघत राहिले. जणू ती बोलेल.

"माणूस थकतो," रूबेन हळूच म्हणाला. त्याला चांगलंच म्हणायचं होतं. केझायाला तेच जास्त लागलं असणार.

आता तुम्ही म्हणाल मी लगेच बोललो. नाही बोललो. दोन दिवस नाही. भीती होतीच, मुख्य काम पहिल्यांदाच हातात आलं होतं. पण दुसरंही होतं, सांगितलं तर हसाल. माझा विश्वासच बसत नव्हता. असली गोगलगाय असते? मला आधी ती बघायची होती.

आईने सगळ्या गोगलगायींना अंगणात फुटक्या कुंडीखाली ठेवलं होतं. मी मोजल्या. सोळा. मग गुडघ्यावर बसून शोधत बसलो. भिंतीच्या फटी, कोबीची देठं, पाण्याच्या पिंपाची मागची बाजू.

"काय हरवलं?" आईने खिडकीतून विचारलं.

"गोगलगाय."

"लांब गेली नसेल," ती म्हणाली आणि खिडकी लावली.

पिंपाच्या खालच्या कड्याला चिकटून बसली होती. सतरा आकडा अर्धा पुसलेला. मी तिला एका हातात धरलं, दुसऱ्या हातात नऊ नंबर. टोकं वर केली.

नऊचं तोंड उजवीकडे. सतरावीचं डावीकडे.

मी परत बघितलं. फिरवून बघितलं. कशीही धरली तरी ती दुसरीसारखी होईना, जसा डावा बूट उजवा होत नाही. तोच रंग, तेच पट्टे, तितक्याच वळ्या, फक्त सगळ्या दुसऱ्या बाजूने निघालेल्या. मी वर जाऊन केझायाचा आरसा आणला आणि सतरावीला समोर धरलं. आरशात ती अगदी साधी झाली. कुठल्याही अंगणातली. नऊ नंबरला धरलं तर आरशात ती दुर्मिळ. मी हे किती वेळ करत बसलो माहीत नाही. दोघी डोळे बाहेर काढून माझ्याकडे बघत होत्या. कशामुळे होत असेल? अंड्यात असतानाच? तिला स्वतःला कळत असेल का काही?

मग आठवलं की केझायाही याच आरशासमोर बसली होती, आणि तिने हे सगळं माझ्याआधी बघितलं होतं. आणि मी ते थुंकी लावून पुसलं होतं.

गुरुवारी रेव्हरंड डॅगेट आले. उंच, वाळलेले, कोटाचे खिसे बाटल्यांनी फुगलेले. बसले नाहीत, चहा नको म्हणाले.

"ती जिवंत आहे ना?"

मी डबा पुढे केला. त्यांनी सतरावी तळहातावर घेतली आणि ती शंखातून बाहेर येईपर्यंत हात तसाच धरून ठेवला. मग केझायाकडे वळले.

"बाई, आरसा वापरलात?"

"हो."

"दरवेळी?"

"चौदा वर्षं, दरवेळी."

"मग ही अशी कशी आली?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. रडत वगैरे नव्हती. चाकूने पेन्सिलीला टोक काढत होती आणि ते टोक आता फारच लांब झालं होतं.

बाबांनी घसा साफ केला. "रेव्हरंड, मुलीची चूक आहे, ती मी माझ्यावर घेतो. ठोकळा दुरुस्त करून देऊ. नावाचं आपण विसरू या."

"चूक तिची नाही," मी म्हणालो. "माझी आहे. तिने बरोबर काढली होती. मी पुसली."

मग सगळं सांगितलं. अंगठा, पांढरा रंग, नऊ नंबर. मला वाटलं बाबा ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. रूबेन म्हणाला, "गाढवा," पण तेही नेहमीच्या आवाजात नाही.

रेव्हरंड मात्र गोगलगायीकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने माझ्याकडे बघायला लागले.

"मला एक समजावून सांग," ते म्हणाले. "तुझ्यासमोर एक विचित्र गोष्ट आली. एक तर बहीण चुकली असेल, नाहीतर गोगलगायच तशी असेल. गोगलगाय खाली अंगणात होती. जिना किती पायऱ्यांचा?"

"बेचाळीस."

"बेचाळीस पायऱ्या. तुला बहीण चुकली हे इतकं पटकन का पटलं?"

मी ठोकळा उचलून त्यांच्यासमोर ठेवला. 

"दुरुस्ती होईल?" त्यांनी बाबांना विचारलं.

"होईल." बाबांनी चष्मा लावला. "एनॉक, गिरमिट आण."

आमच्यात चूक खोडता येत नाही, उपटावी लागते. बाबांनी सतराव्या गोगलगायीच्या मधोमध भोक पाडलं, ते मोठं केलं, त्यात त्याच पिवळ्या लाकडाची गोल खुंटी ठोकून बसवली आणि वरून तासून सपाट केली. बोट फिरवलं तर जोड कळत नव्हता. रेव्हरंडनी तिथेच उभं राहून सगळं बघितलं, खुंटी किती खोल जाते, लाकूड कुठून येतं, शंभर प्रश्न. मग केझायाने आरसा मांडला. या वेळी चहा घेतला त्यांनी.

"मिस केझाया पेटिफर, एवढंच लिहू ना?" जाताना त्यांनी विचारलं. "की अजून एखादं नाव आहे मधे?"

"केझाया मेहिटाबेल," ती म्हणाली. "पण तेवढं नका घालू, पान भरेल."

मला बाबांनी परत गवत कोरायला बसवलं. वर्षभर.  सतरावी रूबेनने कोरली.

त्याच संध्याकाळी केझाया कागदात पेन्सिली गुंडाळत होती तेव्हा मी तिला म्हटलं, "केझ, माफ कर."

"करीन." ती गुंडाळतच राहिली. "तू आधी किती वेळा केलंयस असं?"

"काय?"

"माझं सुधारलंयस. पहिल्यांदा नसणार. इतक्या सहज कुणी पुसत नाही."

मी आठवायला लागलो. एका घोड्याचा कान. एका बोटीचं शीड, वारा उलट दिशेने वाटला म्हणून. गवतातसुद्धा, कुठे कुठे. "सात-आठ वेळा," मी म्हणालो.

"अकरा," ती म्हणाली. "छाप आला की मला कळायचं. त्यातल्या दोन वेळा तू बरोबर होतास."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय दाखवून बोलू, एनॉक?"

पुढचा ठोकळा सोमवारी आला. पाणगोगलगायी, तळ्याकाठचं लव्हाळं. माझ्या वाट्याला लव्हाळं. एक पातं मधेच मोडून पाण्यात वाकलेलं होतं, आणि त्याची सावली मला भलतीकडेच पडल्यासारखी वाटली. अंगठा तोंडापर्यंत गेला होता.

मी उठलो, ठोकळा घेऊन तिच्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं, "हे असं का आहे?"

"बस," ती म्हणाली आणि खुर्चीवरचे कागद उचलले. "दाखवते."